'फोन लय अटकून राह्यला, भाऊ'

पांढरकवड्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्याला हंगाम टेबलावर कळतो. मे महिन्यात फुगलेल्या बॅटऱ्या येतात. मृगाच्या सरी पडल्या की पाणी गेलेले फोन. ऑगस्टमध्ये येणाऱ्या फोनांना फवारणीच्या औषधाचा वास असतो आणि दिवाळीनंतर, कापूस घरी येऊ लागला की चार्जिंगच्या जॅकमध्ये रुई गेलेले फोन सुरू होतात. जिनिंगमध्ये काम करणारी पोरं फोन खिशात ठेवूनच रुईच्या ढिगाजवळ उभी असतात. तंतू जॅकमध्ये शिरतात, रोज चार्जरची पिन त्यांना आत दाबत नेते आणि काही महिन्यांत तळाशी घट्ट करडा थर बसतो. चार्जर पूर्ण आत जात नाही. रात्रभर लावलेला फोन सकाळी चाळीस टक्क्यांवर असतो. गिऱ्हाईक म्हणतं, 'जॅक बदलून द्या भाऊ.' मी भिंगाखाली धरून प्लास्टिकच्या बारीक काडीनं तो थर सोडवतो. बहुतेक वेळा तो अख्खा, जॅकच्याच आकाराचा बाहेर येतो आणि जुना जॅक पहिल्यासारखा चालू लागतो.

फवारणीच्या दिवसांतले फोन मात्र मी हातमोजे घातल्याशिवाय उघडत नाही. २०१७ च्या हंगामात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. पाठीवर पंप, हाताला औषध आणि त्याच हातानं कानाला लावलेला फोन, हे मी अजूनही बघतो. फोन परत देताना मी मागचं कव्हर आणि काच स्पिरिटनं पुसून देतो आणि सांगतो, की फवारताना फोन बांधावर ठेवत जा. काही जण ऐकतात.

बाराही महिने येणारी तक्रार मात्र एकच. 'फोन लय अटकून राह्यला, भाऊ.' त्यामागून दुसरा प्रश्न येतोच, 'नवा कोणता घेऊ?' या दोन प्रश्नांच्या मधे जे करता येतं, ते माझं काम. बहुतेक लोक पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर उडी मारतात आणि त्यात दहा-बारा हजार रुपये जातात. आमच्याकडे ते पैसे बियाण्याचे असतात नाहीतर पोराच्या फीचे.

केळापूरच्या बाजूचे एक काकाजी आले होते. हातात रेडमी नोट ४. हा फोन भारतात जानेवारी २०१७ मध्ये आला. त्याच्या आधीच्या सप्टेंबरात जिओ सुरू झालं होतं, स्वस्त इंटरनेट पहिल्यांदाच गावात पोचलं होतं, आणि आमच्या भागात कित्येक घरांतला पहिला स्मार्टफोन हाच होता. स्नॅपड्रॅगन ६२५ प्रोसेसर, ४१०० एमएएचची बॅटरी, धातूची पाठ. काकाजींचा फोन तीस-पस्तीस टक्के चार्ज असताना अचानक बंद पडायचा आणि व्हॉट्सॲप उघडायला इतका वेळ घ्यायचा की ते मधेच फोन खिशात टाकून द्यायचे.

'पोरगा म्हणते फेकून द्या. तुमाले काय वाटते?'

मी म्हटलं, 'काकाजी, आधी आत काय झालं ते पाहू.'

अटकणाऱ्या फोनात मी पहिल्यांदा स्टोरेज बघतो. बत्तीस जीबीपैकी जेमतेम तीनशे एमबी रिकामी होती. निम्म्याहून जास्त जागा व्हॉट्सॲपनं खाल्लेली. सुप्रभातचे फोटो, कीर्तनाचे व्हिडिओ, एकच व्हिडिओ पाच ग्रुपांतून आलेला. लोकांना वाटतं जागा भरली म्हणजे फक्त नवे फोटो मावणार नाहीत. खरी अडचण पुढे आहे. फोनची मेमरी भरलेल्या जागेवर थेट लिहू शकत नाही. आधी एक पूर्ण तुकडा पुसावा लागतो आणि त्यात कामाची माहिती असेल तर ती उचलून दुसरीकडे ठेवावी लागते. रिकामी जागा भरपूर असेल तर हे काम फोन रात्री चार्जिंगला असताना गुपचूप उरकतो. जागाच नसेल तर तुम्ही बटण दाबल्यावर तुमच्यासमोर करतो. बाजार समितीचं आवार कापसाच्या गाड्यांनी गच्च भरलं की एक गाडी आत घ्यायला आधी दुसरी बाहेर काढावी लागते, तसं. म्हणून माझा साधा हिशेब आहे: एकूण जागेचा पाचवा हिस्सा नेहमी मोकळा पाहिजे.

पण पुसण्याआधी गॅलरी नीट बघावी लागते. आमच्याकडे गॅलरी म्हणजे घरातली कागदपत्रांची पेटी असते. सातबारा, बँकेचं पासबुक, आधार, पीककर्जाची पावती, बियाण्याच्या बिलाचा फोटो, सगळं तिथेच. सुप्रभातच्या फुलांमध्येच विम्याची पावती सापडते. त्यामुळे मी गिऱ्हाइकाला शेजारी बसवूनच हे काम करतो. वेळ जातो, त्या वेळात दोन डिस्प्ले बसवून झाले असते, तरी मी हे टाळत नाही. आणि रीसेट मारायचा असेल तर आधी विचारतो, जीमेल आयडी आणि पासवर्ड माहीत आहे का? बहुतेकांचा आयडी फोन विकणाऱ्या दुकानदारानं काढून दिलेला असतो. पासवर्ड कोणालाच माहीत नसतो. रीसेट झाल्यावर फोन तोच आयडी मागतो आणि मालकालाच आत येऊ देत नाही. दहा मिनिटांच्या कामासाठी धावपळ दोन दिवसांची होते.

काकाजींचा फोन जागा मोकळी केल्यावर बराच सुधारला, पण बंद पडणं राहिलं. मग मी पाठ उघडली, बॅटरीची स्ट्रिप काढली आणि टेबलावरच्या डीसी सप्लायच्या वायरी जोडून फोन चालू केला. सप्लाय चार व्होल्टवर ठेवला. कॅमेरा, व्हिडिओ, फ्लॅश, सगळं एकदम चालवलं. करंट वर गेला, व्होल्टेज हललं नाही, फोन बंद पडला नाही. दोष बॅटरीचा, हे तिथेच ठरलं. जुन्या बॅटरीत चार्ज शिल्लक असतो, पण आतला रोध वाढलेला असतो. कॅमेरा उघडला की फोन एकदम जास्त करंट ओढतो, बॅटरीचं व्होल्टेज खाली कोसळतं आणि पॉवरची आयसी फोन बंद करते. पडद्यावर तीस टक्के लिहिलेलं खोटं नसतं. फक्त ते तीस टक्के हव्या त्या वेगानं बाहेर येत नाहीत.

हे मोठ्या कंपन्यांच्या महागड्या फोनांतही होतं. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलनं जाहीरपणे सांगितलं, की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअर मुद्दाम कमी करतं, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. जगभर लोक चिडले, कंपनीनं माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचे दर उतरवले. कित्येकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं, की फोनचा वेग प्रोसेसरइतकाच बॅटरीवरही ठरतो. आमच्याकडे तर उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो. मोटारसायकलच्या टाकीवरच्या पाकिटात, टिनाच्या छपराखाली चार्जिंगला, ट्रॅक्टरच्या बोनेटजवळ, असे फोन दिवसभर भाजतात. लिथियमच्या बॅटरीला गरमीइतका दुसरा शत्रू नाही.

बॅटरी बदलली, नको ती ॲप बंद केली, सेटिंगमधला ॲनिमेशनचा कालावधी अर्ध्यावर आणला. काकाजींनी फोन हातात घेतला, व्हॉट्सॲप उघडलं आणि म्हणाले, 'हा तं नवाच झाला ना!' नवा झाला नव्हता, आणि मी तसं सांगितलंही. त्या फोनला कंपनीचे सुरक्षेचे अपडेट मिळणं कधीच थांबलंय. जुन्या अँड्रॉइडवर बँकेची काही ॲप उतरतच नाहीत, आणि उतरली तरी त्यावर मोठे व्यवहार करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. फोन, व्हॉट्सॲप, बाजारभाव, नातवाचा व्हिडिओ कॉल, यासाठी तो अजून चालेल. बँकेचं काम पोराच्या फोनवर करा. एवढं बोलून मी बॅटरीचे आणि मजुरीचे पैसे घेतले.

प्रत्येक फोन असा उठत नाही. हे मी अंगणवाडीच्या फोनांवर शिकलो.

महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. पोषण अभियानात २०१९ च्या सुमारास सेविकांना सरकारी स्मार्टफोन मिळाले. रॅम दोन जीबी. मुलांची वजनं, उंची, गरोदर बायांच्या नोंदी रजिस्टरमधून फोनमध्ये आल्या. मार्च २०२१ मध्ये केंद्राचं पोषण ट्रॅकर ॲप आलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी हे फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. फोन अटकतात, तापतात, दुरुस्तीचा खर्च आमच्या मानधनातून जातो, ॲप मराठीत नीट नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. शहरात काहींना ते कामचुकारपणाचं निमित्त वाटलं. मी ते फोन उघडून पाहिले होते. सेविकांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

झरी-जामणीकडच्या एका कोलाम पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, सेविकाताई महिना-दोन महिन्यांनी येत. 'दादा, काहीतरी करा. पोरांची वजनं भरून राह्यली का थे बंद पडते.' मी फोन रीसेट केला, सोबत आलेली बिनकामाची ॲप काढली, फोटो मेमरी कार्डावर हलवले. आठवडाभर बरं चाललं. मग ॲपचं नवं व्हर्जन आलं, आधीपेक्षा मोठं, आणि फोन परत जागच्या जागी. दोन जीबीतली निम्मी रॅम अँड्रॉइडच खातं. उरलेल्या जागेत कीबोर्ड, नेटवर्क, गुगलच्या सेवा आणि मग ते ॲप. स्टोरेज मोकळं करता येतं, बॅटरी बदलता येते. रॅम बोर्डावर पक्की बसलेली असते. ती वाढवण्याची मागणी घेऊन येणाऱ्याला मला नाही म्हणावं लागतं, आणि ताईंसारख्या बाईला नाही म्हणणं जड जातं, कारण फोन त्यांनी निवडलेला नव्हता.

त्या फोनांमुळे मला बाजारातल्या नव्या फोनांकडे बघण्याची रीत सापडली. लोक खोक्यावरचे आकडे वाचतात. पन्नास मेगापिक्सेल, आठ जीबी रॅम. आठ जीबीवर बारीक चांदणी असते आणि खोक्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, चार अधिक चार. त्यातली दुसरी चार जीबी रॅम नाहीच. ती स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा आहे, आणि स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी हळू असतं. स्वस्त फोनात ते स्टोरेजही ईएमएमसी प्रकारचं असतं. ईएमएमसी ५.१ सेकंदाला साधारण अडीचशे एमबी वाचते, आणि एका वेळी एकतर वाचते नाहीतर लिहिते. यूएफएस २.२ त्याच्या तिप्पट-चौपट वेगानं चालते आणि दोन्ही कामं एकदम करते. खोक्यावर हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. काउंटरवर मी कधीकधी गिऱ्हाइकाचा साफ केलेला जुना फोन आणि असा नवा स्वस्त फोन शेजारी ठेवून एकच ॲप दोन्हींवर उघडून दाखवतो. चार जीबी रॅमचा जुना फोन नव्याच्या बरोबरीनं उघडताना पाहून लोक नवा विकत घ्यायचा बेत पुढे ढकलतात. माझ्या शेजारच्या नवे फोन विकणाऱ्या भावाला हे आवडत नसावं, पण त्यानं कधी बोलून दाखवलं नाही.

नवा घ्यायचाच असेल तर मी चार गोष्टी विचारायला सांगतो. खरी रॅम किती. स्टोरेज कोणत्या प्रकारचं. अपडेट किती वर्षं मिळणार. आणि या मॉडेलचा डिस्प्ले, बॅटरी नागपूरला सीताबर्डीत मिळते का. चौथा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा. ज्या फोनचा डिस्प्ले दोन वर्षांनी मिळत नाही, तो फोन काच फुटली की संपला. युरोपात २० जून २०२५ पासून नियम लागू झालाय: फोनचे सुटे भाग, विक्री थांबल्यानंतरही सात वर्षं मिळाले पाहिजेत आणि आठशे वेळा चार्ज केल्यावर बॅटरीची ऐंशी टक्के क्षमता टिकली पाहिजे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, फोनला दुरुस्तीयोग्यतेचा गुणांक द्यावा यासाठी समितीही नेमली. तो गुणांक खोक्यावर मोठ्या अक्षरात छापून आला, तर तालुक्याच्या गावातल्या माणसाला मेगापिक्सेलपेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.

दूरच्या गावातल्या गिऱ्हाइकासाठी पाचवाही प्रश्न असतो, बँडचा. बीएसएनएलचं फोर-जी बऱ्याच आडगावांत ७०० मेगाहर्ट्झवर येतं. त्यासाठी फोनात बँड २८ लागतो आणि अनेक जुन्या फोनांत तो नाही. टिपेश्वर अभयारण्याच्या कडेच्या गावातला माणूस म्हणतो, 'टॉवर तं उभा झाला, पण मोबाईलले नेट येत नाही.' तिथे फोन कितीही साफ केला तरी उपयोग नसतो. अशा वेळी मी स्वतःच सांगतो, हा बदला.

आता शेतकऱ्याचं जवळपास प्रत्येक काम फोनातून जातं. ऑगस्ट २०२१ मध्ये सेविका फोन परत करत होत्या, त्याच महिन्यात, १५ ऑगस्टला, राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभं राहून स्वतःच पिकाचा फोटो काढून नोंद करायची. २०२५ च्या हंगामात सरकारच्या कापूस महामंडळाला, म्हणजे सीसीआयला, हमीभावानं कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी सक्तीची झाली. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, आणि त्याच्या दारात उभा एक फोन. अंगणवाडीत जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा कॅमेऱ्यानं ओळखावा लागतो. या सगळ्यांत कॅमेरा लागतोच. आणि जुना फोन कॅमेऱ्यापाशीच मोडून पडतो.

एक तरुण शेतकरी अशाच एका ॲपचा अर्ज भरता भरता वैतागून दुकानात आला. मी त्याचा फोन टेबलावर घेऊन चालू असलेल्या सेवांची यादी उघडली. रॅम जवळजवळ भरलेली. अर्जात गट क्रमांक, खातं, पीक, क्षेत्र भरलं आणि फोटोचं बटण दाबलं. कॅमेऱ्यानं रॅम मागितली. अँड्रॉइडकडे द्यायला नव्हती, म्हणून त्यानं मागे राहिलेली ॲप एकेक करून बंद केली, आणि त्यात अर्जाचं ॲपही गेलं. फोटो छान आला. 'ओके' दाबल्यावर ॲप नव्यानं सुरू झालं, पुन्हा लॉगिनच्या पानावर. भरलेलं सगळं गायब. तो म्हणाला, 'पाहा, असंच होऊन राह्यलं. वावरात उन्हात उभा राहून मी सकाळपासून हेच करून राह्यलो.' त्याला वाटत होतं त्याचंच काहीतरी चुकतंय. चुकत काहीच नव्हतं.

मी त्याचा फोन बंद करून चालू केला, व्हॉट्सॲपसकट बाकीची ॲप सक्तीनं बंद केली, हलता वॉलपेपर काढला, कॅमेऱ्याचं रिझोल्यूशन कमी केलं. त्या वेळी अर्ज गेला. नेहमी जातोच असं नाही. आता ही रीत मी प्रत्येकाला कागदावर लिहून देतो: वावरात पोचल्यावर फोन आधी बंद करून चालू करा, मग दुसरं काहीही न उघडता थेट अर्ज भरा. लिहून दिलेला कागद लोक फोनच्या कव्हरमध्ये ठेवतात.

पण हे शेतकऱ्यानं आणि माझ्यासारख्यानं किती सांभाळायचं? ॲप कॅमेऱ्याकडे जाण्याआधी भरलेला अर्ज फोनात जपून ठेवण्याची सोय अँड्रॉइडमध्ये आधीपासून आहे. ती वापरायची की नाही हे ॲप लिहिणारा ठरवतो. माझी ॲप लिहिणाऱ्या सगळ्यांना, आणि अशी ॲप मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांना विनंती आहे. ॲप लोकांच्या हाती देण्याआधी ते एका दोन जीबीच्या, स्टोरेज भरलेल्या, जुन्या बॅटरीच्या फोनवर, दुपारच्या उन्हात, नेटवर्कची एकच काडी असलेल्या वावरात एकदा शेवटपर्यंत भरून बघा. फोटो काढल्यावर अर्ज जागेवर राहिला, तरच ते ॲप सुरू करा. तसा फोन मिळत नसेल तर पांढरकवड्याला माझ्या दुकानात या, हवे तितके आहेत.